कानातलं पित्त

कानाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'कोलेस्टिअ‍ॅटोमा' हा शब्द दिसला, की वाचणाऱ्याची नजर त्याच्या दोन टोकांना अडकते. सुरुवातीला 'कोलेस्ट' आहे, म्हणजे हे कोलेस्टेरॉलचंच काहीतरी असणार. शेवटी 'ओमा' आहे, म्हणजे गाठ, कदाचित कॅन्सरसुद्धा. मग कोणी जेवणातलं तूप बंद करतं, तर कोणी रात्रभर मोबाइलवर वाचत बसतं. प्रत्यक्षात या आजाराचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, चरबीशी नाही, पित्ताशी तर नाहीच नाही. आणि ज्या अर्थाने आपण ट्यूमर म्हणतो तसा हा ट्यूमरही नाही. शब्दाचे सगळे अवयव चुकलेले आहेत. तरीही 1838 पासून तो टिकून आहे, आणि जगभरचे कानाचे डॉक्टर आजही तोच वापरतात.

आधी त्याच्या लेखनाचं पाहू, कारण तिथेच पहिली ठेच लागते. रोमन लिपीत या शब्दाच्या मध्यावर 'ई' आणि 'ए' ही अक्षरं लागोपाठ येतात. घाईत 'ए'च्या जागी 'ओ' पडतो आणि 'कोलेस्टिओटोमा' तयार होतो. कोणी 'कोलेस्टेरोमा' लिहून कोलेस्टेरॉलशी नातं पक्कंच करून टाकतं. देवनागरीत तर कोलेस्टेटोमा, कोलेस्टीटोमा, कोलेस्टोमा अशी सगळी रूपं चालतात. मराठीकडे 'अ‍ॅ' हे अक्षर आहे, तेव्हा 'कोलेस्टिअ‍ॅटोमा' हे रूप मूळ शब्दाला सगळ्यात जवळचं. आघात 'टो'वर द्यायचा.

हा 'अ‍ॅट' कुठून आला हे कळलं, की लेखन पुन्हा चुकत नाही. ग्रीक भाषेत चरबीला, विशेषतः घट्ट चरबीला, 'स्टिआर' म्हणतात. पण आपल्या 'पाणी'ला प्रत्यय लागताना त्याचं 'पाण्या' होतं, तसं ग्रीकमध्येही शब्दाचं सामान्यरूप बदलतं. 'स्टिआर'चं षष्ठीतलं रूप 'स्टिआटोस'. जोडशब्द या रूपावरून बनतात, म्हणून त्यात 'ट' येतो. यकृतात चरबी साठते त्याला डॉक्टर 'स्टिअ‍ॅटोसिस' म्हणतात, तो याच घरातला. 'कोले' म्हणजे पित्त. 'मेलँकोलिया' या शब्दातलं काळं पित्त हेच. आणि 'ओमा' हा मुळात क्रियेचं फलित दाखवणारा साधा प्रत्यय. पुढे वैद्यकात तो गाठींना चिकटला, पण सगळीकडे नाही. डोळ्यांचा ग्लॉकोमा किंवा मार लागून साकळलेल्या रक्ताचा हिमॅटोमा यांना कोणी ट्यूमर म्हणत नाही. तर तिन्ही तुकडे जोडून अर्थ होतो 'पित्त-चरबीची गाठ'. कानात!

यातला 'स्टिअ‍ॅटोमा' हा भाग फारच जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस गाठींचे प्रकार सांगतो, तेव्हा त्या फोडल्यावर आत काय निघतं यावरून त्यांची नावं दिलेली दिसतात. मधासारखं निघालं तर मेलिसेरिस, पेजेसारखं निघालं तर अ‍ॅथेरोमा, घट्ट चरबीसारखं निघालं तर स्टिअ‍ॅटोमा. सूक्ष्मदर्शक नव्हता, रसायनशास्त्र नव्हतं. डोळ्यांना आणि बोटांना जे कळलं तेच नाव झालं. यातला अ‍ॅथेरोमा आज हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जाऊन बसला आहे, पण ती वेगळी गोष्ट.

पित्ताचा भाग पित्ताशयातल्या खड्यांमधून आला. या खड्यांत मेणासारखा एक पांढरा पदार्थ असतो हे अठराव्या शतकातच फ्रान्समध्ये लक्षात आलं होतं. 1815-16 मध्ये मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो इतर चरबीपासून वेगळा आहे हे दाखवलं. साबण होण्याच्या रासायनिक क्रियेत चरबी विरघळते, हा पदार्थ तसाच राहतो. शेव्रलने त्याला 'कोलेस्टेरीन' म्हटलं; आजचं कोलेस्टेरॉल ते हेच. त्यातला दुसरा भाग 'स्टेरिओस', म्हणजे घन. चरबीचा 'स्टिआर' आणि घनाचा 'स्टेरिओस' हे दोन निरनिराळे शब्द आहेत. कोलेस्टेरॉलमध्ये दुसरा आहे, आपल्या शब्दात पहिला. सगळा गोंधळ या सारखेपणातून होतो. शेव्रल 102 वर्षं जगला. आयफेल टॉवरवर ज्या 72 शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचं नाव आहे, आणि टॉवर उभा राहिला तेव्हा तो हयात होता.

आता मूळ आजाराकडे. 1683 मध्ये पॅरिसच्या जोसेफ-गिशार ड्यू व्हर्ने याने केवळ कानावर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातलं एक वर्णन याच आजाराचं असावं, असं नंतरचे अभ्यासक मानतात. 1829 मध्ये झाँ क्रुव्हेलिए या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने मेंदूलगत सापडणाऱ्या पांढऱ्या, चकचकीत गाठींचं वर्णन केलं आणि त्यांना 'मोत्यासारखी गाठ' म्हटलं. हे नाव उत्तम होतं. जे दिसतं तेच सांगत होतं, जास्तीचा कुठलाही दावा करत नव्हतं. ते टिकलं असतं तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

पण नऊ वर्षांनी बर्लिनच्या योहानेस म्युलरने त्याच गाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. म्युलर हा त्या काळचा शरीरक्रियाशास्त्रातला सगळ्यात मोठा शिक्षक. श्वान, हेनले, हेल्महोल्ट्झ, फिर्शो हे सगळे त्याच्या हाताखाली तयार झाले. गाठी केवळ बाहेरून पाहून वर्गवारी करायची नाही, त्यांची सूक्ष्म रचना पाहायची, हा आग्रह त्याने 1838 च्या आपल्या ग्रंथात धरला. आजच्या विकृतिशास्त्राच्या पायातला हा एक दगड आहे. त्याला या गाठींत बहुकोनी पेशींचे थरावर थर दिसले आणि थरांच्या मध्ये कोलेस्टेरीनचे स्फटिक दिसले. त्याने निष्कर्ष काढला, की ही चरबीचीच गाठ आहे, फक्त तिच्यात पित्तातली चरबी मिसळली आहे. म्हणून 'कोले' अधिक 'स्टिअ‍ॅटोमा'.

म्युलरला जे दिसलं ते खोटं नव्हतं. जुन्या, साचलेल्या, कुजू लागलेल्या ऊतीत कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात. ते या आजारात कधी असतात, कधी नसतात, आणि इतर अनेक ठिकाणीही सापडतात. जे योगायोगाने शेजारी होतं त्यालाच त्याने नावात बसवलं. थरातल्या त्या बहुकोनी पेशी म्हणजेच खरा आजार, आणि नेमक्या त्यांचाच उल्लेख नावात नाही. त्याच्याच विद्यार्थ्याने, रुडॉल्फ फिर्शोने, 1855 मध्ये या विषयावर लिहिताना 'मोत्याची गाठ' हे नाव पुढे केलं आणि म्युलरचा शब्द कंसात टाकला. पण गुरूचा शब्द वैद्यकाने उचलला होता. ग्रीक शब्दाला एक भारदस्तपणा असतो. आपल्याकडेही डॉक्टरांनी 'खाज' न म्हणता 'प्रुरायटिस' म्हटलं की रुग्ण अधिक गंभीर होतो.

मग हे नेमकं आहे तरी काय? एका ओळीत सांगायचं तर चुकीच्या जागी गेलेली कातडी.

आपल्या कानाच्या पडद्याच्या बाहेरच्या बाजूला त्वचेचा पातळ थर असतो. अंगावरच्या कातडीप्रमाणे इथल्याही पेशी मरतात, पण त्या झडायच्या कुठे? बोगद्याच्या तळाशी कोणी झाडू मारायला येत नाही. म्हणून निसर्गाने इथे एक अफलातून सोय केली आहे. पडद्यावरची त्वचा चालते. मध्यापासून कडेकडे आणि तिथून कानाच्या नळीने बाहेर, रोज साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नख वाढतं त्या वेगाने. तिच्याबरोबर मेलेल्या पेशी आणि मळ बाहेर येतो. कान आपला आपण साफ होत असतो. काडी, हेअरपिन, बड घालून आपण ही वाहतूक उलट्या दिशेने ढकलतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पडद्याचा वरचा थोडासा भाग ढिला असतो. बाकी पडद्याला ताठरपणा देणारा मधला थर तिथे जवळजवळ नसतोच. 1832 मध्ये श्रॅपनेल नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने त्याचं वर्णन केलं. घशातून मध्यकर्णाकडे जाणारी युस्टेशियन नळी सतत चोंदलेली राहिली, की मध्यकर्णातली हवा शोषली जाते, दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. जो भाग ढिला तो आधी जातो. तिथे एक खोलगट खिसा तयार होतो. खिशाचं तोंड अरुंद झालं, की आतली कातडी नेहमीप्रमाणे पेशी टाकत राहते, पण त्यांना बाहेर यायला वाट उरत नाही. थर साचत जातात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. हे थर केराटिनचे असतात, म्हणजे नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याचेच. चरबीचा एक थेंबही नाही.

एवढंच असतं तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण साचलेल्या थरांत पाणी शिरतं, जंतू वाढतात, आणि कानातून थोडासा पण भयंकर घाण वासाचा पू येऊ लागतो. पिशवी मोठी होते आणि शेजारचं हाड खाऊ लागते. नुसत्या दाबाने नव्हे. दाहामुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात, पाचक द्रव्यं सुटतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांपैकी बहुधा ऐरणीचा लांब दांडा सगळ्यात आधी जातो. ऐकू कमी येतं. पुढे चेहऱ्याची नस ज्या हाडाच्या नळीतून जाते ती उघडी पडते आणि तोंड वाकडं होऊ शकतं. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीला भोक पडलं तर चक्कर येते. वरच्या बाजूचं पातळ हाड गेलं, की पलीकडे मेंदूचं आवरण.

यात दुखणं बहुतेक नसतंच, हा या आजाराचा कावा. कधी कधी तर ऐकूही बऱ्यापैकी येत असतं. साखळीतलं हाड झिजून गेलेलं असतं, पण त्याच्या जागी बसलेला हा गोळाच आवाज पलीकडे पोचवत असतो! अशा माणसाला शस्त्रक्रियेनंतर आधीपेक्षा कमी ऐकू आलं तर तो डॉक्टरांना दोष देतो. ते आधी समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम.

या आजाराच्या गंभीरपणाचं एक गाजलेलं उदाहरण साहित्याच्या इतिहासात आहे. ऑस्कर वाइल्ड 30 नोव्हेंबर 1900 रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात वारला. सात आठवड्यांपूर्वी त्याच्या कानाची शस्त्रक्रिया झाली होती, तीही हॉटेलच्या खोलीतच. त्याचा मृत्यू सिफिलिसने झाला अशी समजूत बरीच वर्षं होती. रिचर्ड एलमन यांच्या नावाजलेल्या चरित्रातही तीच आहे. 2000 मध्ये दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुरावे मांडून म्हटलं, की जुना कानाचा आजार, बहुधा कोलेस्टिअ‍ॅटोमा, मेंदूपर्यंत पोचला आणि त्याने जीव घेतला. मला त्यांचा युक्तिवाद पटतो. गंमत, किंवा दुर्दैव, असं की ऑस्करचे वडील सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे विख्यात कर्णशल्यचिकित्सक होते. कानामागे घ्यायच्या एका छेदाला त्यांचं नाव आहे. 1853 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बजावून ठेवलं होतं, की वाहणारा कान पुढे कुठे आणि कसा जाईल याचा भरवसा देता येत नाही.

कातडी आत जाते कशी, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा खल झाला. हाबरमान या कर्णतज्ज्ञाचं म्हणणं, पडद्याच्या कडेला पडलेल्या भोकातून ती आत सरकते. बेझोल्ड या दुसऱ्या कर्णतज्ज्ञाने श्रॅपनेलच्या ढिल्या भागाकडे बोट दाखवलं. दोन्ही वाटा आजही पुस्तकांत आहेत. शिवाय काही मुलांत पडदा शाबूत असतानाही मागे पांढरा ठिपका दिसतो. ती कातडी गर्भावस्थेतच आत राहून गेलेली असते. महत्त्वाचं हे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही चरबीची गाठ नसून त्वचाच आहे हे कळून चुकलं होतं. नाव मात्र तसंच राहिलं.

बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. हार्वर्डचे हॅरल्ड शुकनेख्ट यांनी 1974 मध्ये 'केराटोमा' हा शब्द सुचवला. केराटिनचा गोळा, म्हणजे वस्तुस्थितीला धरून. पण तो त्वचारोगतज्ज्ञांनी आधीच वेगळ्या अर्थाने वापरला होता, आणि 'ओमा' तसाच राहत होता. कोणी उचलला नाही. याउलट मेंदूच्या शल्यचिकित्सकांनी डोक्यातल्या अशाच गाठींना 'एपिडरमॉइड' म्हणायला सुरुवात केली आणि तिथला घोळ संपवला. क्रुव्हेलिएने वर्णन केलेल्या गाठींना आज म्युलरचं नाव कोणी देत नाही. ते उरलं फक्त कानात. कानाच्याच नसेवरच्या दुसऱ्या एका गाठीला पूर्वी 'अ‍ॅकूस्टिक न्यूरोमा' म्हणत. ती ऐकण्याच्या नसेवर नसून तोलाच्या नसेवर असते, आणि चेतापेशींची नसून त्यांच्या आवरणातल्या श्वान पेशींची असते. अमेरिकेत 1991 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' हे नाव ठरवलं. म्हणजे मनात आणलं तर नाव बदलता येतं.

घोळात भर टाकणारा आणखी एक सख्खा शेजारी कानात राहतो. त्याचं नाव 'कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा'. यात मात्र कोलेस्टेरॉलचे स्फटिक खरोखर असतात. हवा न मिळालेल्या हाडाच्या पोकळीत जुनं रक्त साचून ते तयार होतात आणि तपकिरी पातळ द्रव साठतो. उपचार वेगळे. नावं इतकी जवळची, की रिपोर्ट वाचताना डॉक्टरांनाही दोनदा पाहावं लागतं. कान टोचल्यावर पाळीवर जी टणक गाठ वाढते ती केलॉइड. तिचा यांतल्या कोणाशीच संबंध नाही.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाने कानातल्या वाढींना काय म्हटलं? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजले आहेत. त्यांत चार प्रकारचे अर्श, म्हणजे मांसाचे कोंब, आणि सात प्रकारची अर्बुदं आहेत. कर्णस्राव आहे. आणि 'पूतिकर्ण' आहे, म्हणजे दुर्गंधी येणारा कान. सुश्रुताला कोलेस्टिअ‍ॅटोमा ठाऊक होता असा दावा मी करणार नाही; आत पाहण्याचं साधन नसताना तो ओळखणं शक्यही नव्हतं. पण नुसता वाहणारा कान आणि घाण वास येणारा कान हे दोन वेगळे रोग मानण्यात निरीक्षणाची धार आहे. आजही कानाचे डॉक्टर पहिला प्रश्न वासाचाच विचारतात.

मराठी घरात कान 'फुटतो' किंवा 'वाहतो'. डॉक्टरांनी आत कोंब पाहिला तर 'कानात मांस वाढलंय' असं म्हटलं जातं. हे मांस अनेकदा आतल्या कोलेस्टिअ‍ॅटोमाभोवती दाहामुळे आलेलं असतं. ते नुसतं ओढून काढणं धोक्याचं, कारण त्याचं मूळ ऐरणीला किंवा चेहऱ्याच्या नसेला चिकटलेलं असू शकतं. दवाखान्यात तर इंग्रजीच दोन शब्द रूढ आहेत, 'सेफ' कान आणि 'अनसेफ' कान. पडद्याला मधोमध भोक असेल तर सेफ. कडेला किंवा वर खिसा आणि आत पांढरे पापुद्रे असतील तर अनसेफ. पाठ्यपुस्तकांनी ही जोडी आता मागे टाकली आहे, कारण सेफ कानही बिघडू शकतो. पण रुग्णाला समजावायला म्युलरच्या शब्दापेक्षा ती कितीतरी बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात वर्षानुवर्षं कान वाहण्याचं प्रमाण सर्वाधिक, म्हणजे 4 टक्क्यांहून जास्त असलेल्या देशांत भारत आहे. त्यातले बहुतेक कान साध्या भोकाचे असतात. कोलेस्टिअ‍ॅटोमा त्यामानाने विरळा. फिनलंडमधल्या एका अभ्यासात तो वर्षाला लाखात साधारण 9 जणांना झाला.

माझ्या मते हे नाव आता बदलणार नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एच 71 या क्रमांकावर ते बसलं आहे, विम्याच्या कागदांवर तेच लागतं. तेव्हा शब्द चुकीचा आहे हे माहीत असूनच तो वाचायचा. ज्याच्या रिपोर्टात तो आला असेल त्याने कोलेस्टेरॉलची तपासणी करायला पळू नये आणि कॅन्सरच्या भीतीने खचूही नये. पण हे 'कॅन्सर नाही ना, मग बघू' म्हणून टाळण्यासारखंही नाही. थेंबांच्या औषधाने पू कमी होतो, पिशवी जात नाही. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते, कानामागचं हाड कोरून, किंवा पिशवी लहान असेल तर दुर्बिणीतून. कान वाहत असेल आणि वास येत असेल, तर त्यात लसणाचं गरम तेल घालू नका, पाणी जाऊ देऊ नका आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. शस्त्रक्रिया झाली म्हणून तपासणी बंद करू नका. कातडीच्या मोजक्या पेशी जरी मागे राहिल्या तरी पिशवी पुन्हा तयार होते, आणि ती काही वेळा कित्येक वर्षांनी सापडते.